गारवा, उपास, आराम

अनीपा-एजेने नाकातल्या नळीला मोठी सिरिंज लावली आणि दट्ट्या हळूहळू मागे ओढला. पोटात साचलेल्या पाण्याने सिरिंज भरली. ती तिने ट्रेमध्ये रिकामी केली, पुन्हा लावली, पुन्हा भरली. राउंडला उभे असलेले सगळे डॉक्टर ट्रेकडे बघत होते. पेशंटकडे कोणी बघत नव्हतं. नारिनच्या त्या रुग्णालयात पोटाचा निकाल ट्रेमध्येच लागत असे.

"कालच्याहून जास्त," अनीपा-एजे म्हणाली. ती विभागातली सगळ्यात जुनी नर्स. सगळं रुग्णालय तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचं.

"मग दूध बंद," विभागप्रमुख म्हणाले.

विभागप्रमुखांचं नाव मुकामबेत, पण नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. सगळे आगाय, म्हणजे गुरुजी, म्हणत. गावातल्या बहुतेक डॉक्टरांनी पहिली सुई धरली ती त्यांच्या हाताखाली, तेव्हा गुरुजी म्हणण्यात खुशामत नव्हती. त्यांच्या गुरूंनी त्यांना रशियनमध्ये तीन शब्द शिकवले होते आणि ते हे शब्द मेजवानीत पेला उंचावून बोलावं तसे एका दमात बोलत: गारवा, उपास, आराम. पोट रुसलं की त्यावर बर्फाची पिशवी ठेवायची, आत काही घालायचं नाही, आणि माणसाला हलवायचं नाही.

पलंगावरच्या तुर्सुनकानचं पोट मात्र रुसलेलं नव्हतं. उन्हाळी कुरणावर दूध काढताना घोडीने तिच्या छातीत लाथ मारली होती. डाव्या बरगड्या मोडल्या, फुप्फुस ठेचलं, मग त्यात जंतू शिरले, आणि ती व्हेंटिलेटरवर आली. जंतू हटले होते. ताप उतरला होता. तरी दोनदा मशीनवरून काढून बघितलं तेव्हा छाती थोडा वेळ हलली आणि दमून थांबली. दंडाची कातडी मोकळ्या बाहीसारखी लोंबायला लागली होती. छातीलाही स्नायूच ओढतात, आणि ते स्नायू शरीराने केव्हाच खायला घेतले होते. नळीतून दूध सुरू व्हायचं, दुसऱ्या सकाळी ट्रे भरायचा, दूध बंद व्हायचं.

"आगाय," डॉक्टर बुरुल म्हणाली, "सिरिंज पोट मोजत नाही. नळीचं टोक जिथे असेल तिथलं ओढते, एवढंच."

बुरुल विभागातली धाकटी डॉक्टर. राजधानीत, बिश्केकमध्ये, शिकून ती स्वतःच्या मर्जीने नारिनला परतली होती. तिने तिथे काय घोटाळा केला असेल, याची चौकशी लोक अजून करत होते.

आगायांनी तिच्याकडे शांतपणे बघितलं. ते ओरडत नसत. ओरडावं लागतं तो प्रमुख कसला, असं त्यांचं मत होतं. पोटात साचलेलं वर येतं आणि श्वासनळीत उतरतं, हे त्यांनी सांगितलं. मेलेल्यांच्या फुप्फुसातून आपण दूध काढलं आहे, हेही सांगितलं.

"भुकेला माणूस मला आठवडाभर वेळ देतो, बुरुल. फुप्फुसात दूध गेलेला पाच मिनिटं देत नाही."

"आठवडा संपला, आगाय."

आगाय पुढच्या पलंगाकडे वळले आणि जाता जाता म्हणाले की शुक्रवारी गाडी मागवा, हिला बिश्केकला पाठवू.

वाटेत दोलोन खिंड होती. तुर्सुनकानसारखी बाई हाताने दाबून श्वास द्यायच्या फुग्यावर खिंडीपलीकडे जाईल, असं त्या खोलीत कोणालाच वाटत नव्हतं. पण वाटेत जे होतं त्याचा दोष रस्त्याला लागतो, विभागाला लागत नाही, आणि ही सोय सगळ्यांना ठाऊक होती.

दुपारी बुरुल प्रसूती विभागात गेली आणि त्यांचं हाती नेण्याजोगं सोनोग्राफीचं मशीन मागितलं. तिथल्या मुख्य सुईणीने मान वर केली.

"का गं, तुमच्याकडे कोणाला दिवस गेलेत? आगायांना?"

"त्यांचे दिवस कधीच भरले, पण सुटका होत नाही," बुरुल म्हणाली. सुईण एवढी हसली की मशीन देताना परत कधी आणणार, हे विचारायचं राहून गेलं.

तुर्सुनकानच्या छातीच्या मधल्या हाडाखाली जेल लावून तिने मशीनचा प्रोब टेकवला. यकृताची कड दिसली, आणि तिच्याखाली जठराचा खालचा भाग. भरलेलं जठर फुगून गोल दिसतं. हे आवळलेल्या मुठीसारखं होतं, जाड भिंतींचं, आत काही नाही. तिने आगायांना विचारलं नाही. थेंबाथेंबाने दूध सुरू केलं, संध्याकाळी पुन्हा बघितलं, सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन पुन्हा बघितलं. मूठ तशीच आवळलेली. दूध येत होतं आणि पुढे जात होतं.

रोजची सुरुवात बैठकीने व्हायची. तिचं नाव 'पाच मिनिटं', पण तिथे बसून लोकांचे चहा थंड व्हायचे. बुरुलने तिथे उभं राहून सांगितलं की आपण दूध सुरू केलं आहे, पोट रिकामं आहे, सोनोग्राफीत दिसतं. आगायांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चला, बघू.

राउंडला अनीपा-एजेने सिरिंज ओढली. ट्रे काठोकाठ भरला.

"बैठकीच्या आधी रिकामं होतं म्हणालीस," आगाय म्हणाले. "मग हे आलं कुठून, डॉक्टर? खिडकीतून? नदीतून?"

सगळे हसले. हसणं वाईट नव्हतं, थकलेल्या माणसांचं होतं. आगायांनी दूध बंद केलं, मशीन ज्यांचं त्यांना परत कर म्हणून सांगितलं, आणि पुन्हा असलं काही विचारल्याशिवाय करू नकोस, हे सगळ्यांदेखत बजावलं.

मशीन तिने परत केलं नाही. तुर्सुनकानच्या पलंगाखाली चादरीआड ठेवलं. दिवसभर ती एकच गोष्ट घोळवत राहिली. पडद्यावर तिने रिकामं बघितलं होतं, ट्रेमध्ये भरलेलं. तिचे डोळे खरे असतील तर दोन्ही खरं होतं. आणि मधे काय होतं? मधे फक्त बैठक होती.

दुसऱ्या सकाळी शल्यविभागाचा डॉक्टर आपल्या पेशंटांची हकीकत सांगत असताना बुरुल उठली आणि दाराकडे निघाली. त्या बैठकीतून आजवर कोणी मधेच उठलं नव्हतं. एकदा एका डॉक्टराला मूतखड्याची कळ आली होती, तोसुद्धा शेवटपर्यंत बसला होता.

"कुठे?" आगायांनी विचारलं.

"पोट बघायला."

"बस खाली."

"बघून येते, मग बसते," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वॉर्डात अनीपा-एजे बेसिनपाशी सिरिंज धूत होती. तिने वळून बघितलं नाही. बुरुलने मशीन बाहेर काढलं, प्रोब टेकवला. जठर फुगलेलं होतं. आतलं पाणी काळं दिसत होतं, आणि त्यावर एक चमकता पांढरा थर तरंगत होता, तळ्यावर पहिलं बर्फ धरतं तसा. नळीतून द्यायच्या दुधाचा असा थर होत नाही. शिवाय दूध काल सकाळपासून बंद होतं.

तिने सिरिंजने थोडं ओढलं, काचेच्या पेल्यात ओतलं आणि पेला नळाखाली धरला. नारिनचं पाणी भर उन्हाळ्यातही बोटं बधिर करतं. पेल्यात पिवळसर पाण्यावर पांढरी साय गोठली. वास ओळखायला डॉक्टर असावं लागत नव्हतं. मेंढीच्या शेपटीची चरबी.

अनीपा-एजेने पेल्याकडे बघितलं, मग सिरिंज पुसायला घेतली. ती पुसून झाली होती तरी पुसत राहिली. बुरुलने तिला काही विचारलं नाही. पेला घेऊन ती बाहेर गेली.

बाहेरच्या बाकावर काल्यिमान-आपा बसली होती, तुर्सुनकानची सासू. पांढरा रुमाल, कापूस भरलेली बंडी, मांडीला टेकवलेला थर्मास. मुलगा कुरणावरच होता. घोड्यांचं दूध दिवसातून अनेकदा काढावं लागतं आणि घोड्या कोणाच्या आजारपणासाठी थांबत नाहीत. म्हणून म्हातारी आली होती आणि आल्यापासून त्या बाकावरून हलली नव्हती.

"आपा, हा सोर्पो कोणाचा?"

"माझा," म्हातारी म्हणाली. तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. "हाडं रात्रभर उकळते. वरून शेपटीची चरबी. फडक्यातून गाळून आणते, नळी तुंबायला नको म्हणून. मी काय अडाणी आहे?"

बुरुलने पेला तिच्यासमोर धरला आणि सांगितलं की ही चरबी तिच्या पोटातून पुढे सरकत नाही, साचून राहते. ती उलटून फुप्फुसात गेली असती तर तुमची सून गुदमरली असती.

"आणि तुम्ही काय देत होतात? बर्फ?" म्हातारीने थर्मास बाजूला ठेवला. आता ती भांडायला नीट बसली. "माझ्या घरात चोर जरी शिरला ना, तरी जाताना भाकरीचा तुकडा तोंडाला लावून जाईल. तशी रीत आहे, तुझ्याही घरात असेल, का शहरात विसरलीस? उपाशी कोणी उंबरा ओलांडत नाही. ही तर माझी सून. तिच्या आईची आधीची पोरं राहिली नाहीत, म्हणून हिचं नाव तुर्सुन ठेवलं, राहू दे म्हणून. ती रोज वाळत चाललीय आणि तुमचा तो आगाय मला सांगतो, आराम. आराम मेल्यावर पुष्कळ मिळतो."

बुरुलला राग आला होता. पण बोलायला गेली तेव्हा तिला कळलं की यातलं निम्मं तर आपणच बैठकीत बोलत होतो, फक्त जास्त सभ्यपणे. ती म्हातारीशेजारी बाकावर बसली. तुमच्या सोर्प्याने ट्रे भरतो, ती म्हणाली. ट्रे भरला की आगाय दूध बंद करतात. दूध बंद झालं की तुम्ही सोर्पो आणता.

म्हातारीने हे मनातल्या मनात उलटसुलट करून बघितलं असावं, कारण तिचे ओठ हलत होते.

"म्हणजे मी आणि तुझा आगाय," ती शेवटी म्हणाली, "दोघं मिळून तिला उपाशी मारतोय."

"हो."

"तोंडावर बोलतेस."

"मागे बोलून उपयोग नाही, आपा. थर्मास माझ्याकडे द्या."

"मग तू काय देणार?"

"दूध. डब्यातलं. पातळ, बेचव."

"चव तिला कुठे कळणार आहे," म्हातारी म्हणाली आणि थर्मास पुढे सरकवला. "पण देताना मला दिसलं पाहिजे. आता कोणाच्या शब्दावर मी बसायची नाही."

बुरुल थेट आगायांच्या खोलीत गेली. बैठक संपली होती. पेला तिने त्यांच्या टेबलावर ठेवला आणि ट्रे का भरतो ते सांगितलं. आगायांनी पेला उजेडात धरला, हुंगला, खाली ठेवला.

"नळीत कोणी घातलं?"

"ते मी सांगणार नाही."

"नर्सने."

"मी सांगणार नाही म्हटलं, आगाय."

आगाय उठून खिडकीपाशी गेले. ते म्हणाले, तू मला जिंकवलंस. पोटात काय जातं यावर आपला ताबा नाही, नातेवाइकांवर नाही, नर्सवर नाही. अशा पोटात मी एक थेंब घालणार नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार.

बुरुल म्हणाली की मग पोटात घालूच नये. लांब बारीक नळ्यांची एक पेटी मदतीत आलेली आहे, कोणी उघडलेली नाही. नळी जठराच्या खालच्या दारातून पलीकडे, लहान आतड्यात न्यायची. तिथलं दूध उलटून वर येण्याची भीती पुष्कळ कमी. आणि जठरात जुनी नळी राहू द्यायची, साचेल ते निघून जाईल.

"आंधळेपणाने घातलेली नळी कुठेही जाते. एकदा मी ती फुप्फुसात गेलेली बघितलीय."

"आंधळेपणाने घालणार नाही. मशीनवर बघत घालीन."

"एक्स-रेशिवाय मी मानत नाही."

"एक्स-रे पलीकडच्या इमारतीत आहे. तिला अंगणापलीकडे न्यायला तुम्ही घाबरता आणि खिंडीपलीकडे पाठवता."

हे लागलं. आगायांच्या गालावरची शीर हलली. माझ्या विभागात हे होणार नाही, ते म्हणाले, आणि मशीन अजून परत गेलेलं नाही हेही मला माहीत आहे. बुरुल हो म्हणाली. होणार नाही याला हो, की माहीत आहे याला हो, हे तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

गुरुवारी जेवणानंतर तिने पेटी उघडली. काल्यिमान-आपाला गाउन आणि टोपी घालून दाराशी उभं केलं. अनीपा-एजे न बोलावता आली आणि तिने तुर्सुनकानला उजव्या कुशीवर वळवून धरलं.

"तू घरी जा, एजे," बुरुल म्हणाली. "यात तुझं नाव नको."

"धरायला कोण आहे तुला? ही म्हातारी?" अनीपा-एजे म्हणाली. "घाल."

नळी नाकातून आत गेली. बुरुलने प्रोब आधी गळ्यावर ठेवला. श्वासनळीच्या बाजूला, अन्ननलिकेत, दोन चमकत्या रेषा शेजारी शेजारी दिसल्या. नळीच्या दोन भिंती. म्हणजे रस्ता बरोबर होता. मग पोटावर. जठरात त्या रेषा दिसल्या, पुढे सरकल्या, आणि वळून परत आल्या. नळीने आतल्या आत वेटोळं घेतलं होतं. बुरुलने ती मागे ओढली, पुन्हा घातली. पुन्हा वेटोळं. तिच्या पाठीला घाम आला. एका हाताने प्रोब स्थिर धरायचा, दुसऱ्याने नळी सरकवायची, डोळे पडद्यावर. हे तिने बिश्केकमध्ये शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखाली केलं होतं. इथे देखरेख करणारा एकच माणूस होता आणि तो त्याच क्षणी दारातून आत आला.

आगायांनी पलंग बघितला, मशीन बघितलं, दाराशी टोपी घालून उभी असलेली म्हातारी बघितली.

"बाहेर काढ," ते म्हणाले.

"आता नाही, आगाय. जठराच्या दाराशी आहे."

"बुरुल."

"हलवू नका मला."

आगाय अनीपा-एजेकडे वळले. "एजे, तू पण?"

अनीपा-एजेने तुर्सुनकानच्या पाठीखालचा हात काढला नाही. "सोर्पो मीच घातला होता, आगाय. आता हे घालतेय. दोन्हीचं काय बोलायचं ते एकदाच बोला, माझे हात गुंतलेत."

आगाय दाराजवळच उभे राहिले. हुकूम ऐकला जात नाही, अशी वेळ त्यांच्यावर बहुधा आली नव्हती, आणि तेव्हा काय करायचं असतं ते त्यांना सुचत नसावं. बुरुलने थोडं पाणी सोडलं, जठर जरा पसरू दिलं, आणि भिंत आवळून पुढे ढकलते त्या लाटेची वाट बघितली. लाट आली. तिने लाटेबरोबर नळी सोडली. रेषा जठराच्या दारापाशी थबकल्या आणि पलीकडे गेल्या.

तिने सिरिंजमध्ये पाणी आणि जराशी हवा घेऊन खळखळवलं आणि नळीतून दाबलं. दाराच्या अलीकडे काळंच राहिलं. पलीकडे एकदम लख्ख ठिणग्या उसळल्या.

"ते काय चमकलं?" दारातून म्हातारीने विचारलं.

"पाणी, आपा. पोटाच्या पलीकडे."

"मला नुसता पाऊस दिसतो," आगाय म्हणाले.

"जवळ या म्हणजे दिसेल."

ते जवळ आले नाहीत. पण गेलेही नाहीत. बुरुलने नळी नाकाला चिकटवली, दुधाची बाटली टांगली.

"ते सुरू केलंस," आगाय म्हणाले, "तर तुला या विभागात ठेवायचं की नाही ते मला ठरवावं लागेल."

"ठरवा," बुरुल म्हणाली आणि चिमटा उघडला. "तोवर तिचं जेवण होऊ दे."

शुक्रवारी गाडी आली. पेशंट प्रवासाला योग्य आहे, असं कोणातरी डॉक्टराने सही करून सांगायचं असतं. बुरुलने नाही म्हटलं. बाकीच्यांनी आगायांकडे बघितलं. ड्रायव्हर खोलीच्या दाराशी किल्ली फिरवत उभा राहिला आणि विचारत राहिला की न्यायचंय की नाही, कारण खिंडीत ढग उतरतायत.

आगायांनी अनीपा-एजेच्या हातून सिरिंज घेतली आणि जठरातल्या जुन्या नळीला स्वतः लावली. बाहेरच्या बाकावर त्या सकाळी थर्मास नव्हता. त्यांनी दट्ट्या ओढला. फेसाचे चार थेंब आले. नळी जरा मागे घेऊन पुन्हा ओढलं, जरा पुढे सारून पुन्हा. ट्रेचा तळ दिसत होता. वर बाटलीतून दूध उतरत होतं, रात्रभर उतरलं होतं, आणि ट्रे कोरडा होता. मशीनच्या पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता, पण ट्रेवर होता. तो त्यांचाच होता. ते ट्रेकडे इतका वेळ बघत राहिले की ड्रायव्हरने किल्ली खिशात टाकली.

"याला चहा द्या," आगाय म्हणाले. "मग जाऊ दे."

तू बरोबर होतीस, असं ते म्हणाले नाहीत. उलट सोमवारच्या बैठकीत त्यांनी बुरुलला उभं केलं आणि सगळ्यांसमोर तिचे अपराध मोजले. दुसऱ्या विभागाचं मशीन दडवलं, बैठकीतून उठली, हुकूम मोडला. उन्हाळाभर सुट्टीच्या दिवसांच्या सगळ्या ड्युट्या तिच्या. अनीपा-एजेला त्यांनी आपल्या खोलीत बोलावून घेतलं. ती डोळे लाल करून बाहेर आली, पण पाळीवर राहिली. बैठकीत बुरुलला मात्र ते म्हणाले, माफी मागायची असेल तर ऐकून घेऊ.

"शिक्षा मान्य आहे," बुरुल म्हणाली. "हुकूम तेव्हा मान्य नव्हता. आजही नाही."

"बस," आगाय म्हणाले.

ती बसली. शेजारच्याने टेबलाखालून तिचा हात दाबला, म्हणजे धीर दिला की गप्प राहा म्हणून सांगितलं, हे तिला कळलं नाही.

तुर्सुनकानच्या बाबतीत चमत्कार झाला नाही. दूध वाढवलं तेव्हा जुलाब झाले, कमी करावं लागलं, पुन्हा वाढवलं. बुरुलने रोज पोट बघितलं. काल्यिमान-आपाही रोज दारातून बघत असे आणि तिला आता जठर कुठलं आणि यकृत कुठलं ते कळायला लागलं होतं. एक दिवस बघायला आलेल्या जाऊबाईंना तिने ते समजावूनही सांगितलं, बरंचसं चुकीचं. व्हेंटिलेटरवरून काढल्यावर छाती आधी थोडी टिकली, मग जास्त, मग एका दुपारी ती दमलीच नाही. घशातली नळी निघाली. आवाज फाटलेला होता. तिने सासूला पहिलं विचारलं ते घोडीचं. दूध कोण काढतं?

"तुझा नवरा," म्हातारी म्हणाली. "त्यालाही एक बसली. मांडीवर. तेव्हापासून तुझं कौतुक करतोय."

तुर्सुनकानला हसू आलं आणि बरगड्या दुखल्या. कूस आवळून धरत ती म्हणाली, घोडीला विकू नका.

त्याच सुमारास अत-बाशीहून एक माणूस आला. लग्नाच्या मेजवानीत खाऊन पिऊन स्वादुपिंड सुजवून घेतलेला, मोठ्या पोटाचा, कण्हत असलेला. राउंडला आगायांनी त्याचं पोट दाबलं, तो ओरडला, आणि आगाय एका दमात म्हणाले, गारवा, उपास, आराम. नर्स बर्फाची पिशवी आणायला वळली.

बुरुलने मशीन आणून पलंगाशी ठेवलं.

"हे अजून गेलं नाही परत?" आगायांनी विचारलं.

"नाही. ते मागायला आले होते. बाळंतीण असेल तेव्हा न्या, म्हटलं, मग परत आणा."

"तुझी शिक्षा संपलेली नाही, बुरुल."

"माहीत आहे, आगाय." तिने जेलची बाटली उलटी केली. "आजपासून याला नळी घालायची आहे. बर्फ नंतर बघू. जरा पडदा ओढता का? तुम्ही खिडकीजवळ आहात, उजेडात मला काही दिसत नाही."

खिडकीचा पडदा जुना, जाड होता आणि दांडीवर अडकायचा. आगायांनी तिच्याकडे बघितलं, पेशंटकडे बघितलं, आणि मग एका हाताने पडदा अर्ध्यापर्यंत ओढून सोडून दिला.

"पूर्ण, आगाय," बुरुल म्हणाली. प्रोब तिने आधीच टेकवला होता.